बटन अटकलं

रविवारी सकाळी चहाचा कप विसळून ठेवला आणि पियुष गजभियेने आपल्या फोनची नाकेबंदी करायला घेतली. शुक्रवारी गेम यायचा होता, तोही सहा वर्षांनी. जगात कुठेतरी चार-दोन उतावळ्यांच्या हाती तो आधीच पडला असणार, आणि उतावळ्याच्या पोटात काही राहत नाही, हे बत्तीस वर्षांच्या पियुषला पुरतं ठाऊक होतं. म्हणून त्याने आधी व्हिडिओचं अ‍ॅप काढून टाकलं, मग फोटोंचं. सगळ्या ग्रुपांचे आवाज बंद केले. गेमवाल्या मित्रांच्या ग्रुपातून तर तो सरळ बाहेरच पडला. जाताना लिहिलं, ‘पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर मेलो समजा.’

खोक्यावरचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात मात्र गेमचं नाव ‘मशालवाली’. हे नाव त्याच्या आईने, बायजाबाईने ठेवलेलं. तिला त्यातलं एवढंच कळायचं की एक पोरगी हातात मशाल घेऊन ओसाड शहरातून एकटीच चालते, आणि मशाल विझली की खेळ संपतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी ती पोरगी एका बंद दारापाशी येऊन तीनदा थाप मारते. आतून कोणीतरी तशीच तीनदा थाप मारतं आणि पडदा काळा होतो. दाराआड कोण, एवढं कळण्यासाठी पियुष सहा वर्षं थांबला होता. ज्यांना अशा गोष्टींचं काही वाटत नाही त्यांनी हसावं, हरकत नाही. माणूस कशाची ना कशाची वाट पाहतच असतो. कोणी बदलीची पाहतो, कोणी निकालाची, कोणी नुसत्याच रविवारची.

राहता राहिला गौरांग. गौरांग त्याचा शाळेपासूनचा मित्र, जिवाला जीव देणारा, पण तोंडाचा फाटका. दुसरा भाग आला तेव्हा पियुषने त्याचा नंबर बंद करून ठेवला होता, तर पठ्ठ्याने पानठेल्यावाल्याच्या फोनवरून फोन लावला आणि पियुष ‘हॅलो’ म्हणायच्या आत ओरडला, “तो म्हातारा मरते बे पुलावर!” पुढचे चाळीस तास पियुषने तो म्हातारा दिसला की जीव मुठीत धरून खेळून काढले. मजा गेली ती गेलीच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. म्हणून या वेळी त्याने फोनला सांगून ठेवलं: नाव लिहून ठेवलेल्या नंबरांचीच घंटी वाजू दे, बाकी सगळे मुके. आणि त्या आठवड्यापुरतं गौरांगचं नावही काढून टाकलं.

बोट शेवटच्या बटणावर होतं तेव्हा तो क्षणभर थबकला. कारण त्या फोनवर आणखी एक फोन यायचा होता.

त्याची मोठी बहीण नंदिनी मौद्याला दिलेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. नवरा सुगत तिथल्या वीज केंद्रात कामाला. अडीच वर्षांपूर्वी नंदिनीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार, आठवड्यातून तीनदा धंतोलीतल्या दवाखान्यात तिचं डायलिसिस. आईला साखर आणि रक्तदाब, सुगतचा रक्तगट जुळेना, आणि पियुषची तपासणी केली तर त्याची स्वतःचीच एक किडनी जन्मापासून सुपारीएवढी. ते कळलं त्या दिवशी तो दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला होता. मग उरली ती यादी. कोणी मेंदूने मेलेला माणूस, त्याच्या घरच्यांचं मोठं मन, आणि आपला नंबर. हे सगळं एका दिवशी जुळून यावं लागतं. तसं जुळलं की दवाखान्यातून फोन येतो. तासाभरात हो म्हणायचं आणि तीन तासांत पोचायचं. फोन उचलला नाही तर किडनी यादीतल्या पुढच्या माणसाला.

फॉर्म भरला त्या दिवशी नंदिनी अतिदक्षता विभागात होती. फॉर्म पियुषने भरला. पहिला नंबर त्याने स्वतःचा टाकला, दुसरा भाऊजींचा. नंदिनीचा टाकलाच नाही. आजारी माणसाला कशाला ती धास्ती, असा घरातल्या सगळ्यांचाच विचार पडला. ज्या बाईची किडनी, तिलाच विचारायचं राहून गेलं, आणि ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

पण दवाखान्यातल्या कोऑर्डिनेटर मॅडमचा, म्हणजे यादीतल्या लोकांना फोन करणाऱ्या बाईंचा नंबर त्याच्याकडे नावासकट होता, पुढे तीन चांदण्या लावून. तो वाजेलच, त्याने स्वतःला समजावलं आणि बटण दाबलं.

सोमवारी दुपारी डायलिसिस आटोपून नंदिनी नेहमीसारखी इंदोऱ्याला आली. चार तास मशीनला बांधून घेतल्यावर लगेच मौद्याची बस झेपायची नाही, म्हणून त्या तीन दिवशी ती संध्याकाळपर्यंत माहेरी पडायची. पियुष गांधीबागेत कपड्याच्या एका ठोक दुकानात साड्यांचे फोटो काढून त्यांचं कॅटलॉग बनवायचा. या तीन दिवशी तो अर्ध्या दिवसाने सुटायचा. मालक मनोहरराव कुरकुरायचे, पण अडवायचे नाहीत.

“पाणी किती झालं वं तुहं?” बायजाबाईने आल्या आल्या विचारलं.

“दोन कप. अजून दोन बाकी हायेत.” दिवसाला चारच कप पाण्याची मुभा असलेली नंदिनी गादीवर टेकली. चेहरा ओढलेला, पाय सुजलेले. डाव्या हातावर दंडाजवळ मशीनच्या सुयांसाठी बनवलेली जाड नस. तिच्यावर बोट ठेवलं की आत काहीतरी घरघरत असल्यासारखं लागायचं. त्या हाताला वजन चालत नव्हतं, म्हणून पियुषने उशी सरकवली, उशीवर रिमोट ठेवला.

गेमच्या दुकानात त्याला कंट्रोलर म्हणत असतील. या दोघांनी त्याला कायम रिमोटच म्हटलं. लहानपणी रविवारच्या बाजारातून आणलेला टीव्हीवरचा गेम होता, पिवळी कॅसेट लावायचा. दोन रिमोटांपैकी एक पहिल्याच महिन्यात मेला. तेव्हा नंदिनी तेरा वर्षांची, पियुष सात. तिने कायदा केला: जो मेला त्याने रिमोट दुसऱ्याला द्यायचा. नुसता द्यायचा नाही, आधी मोठ्याने म्हणायचं, “माझ्यामुळे गेला.” म्हटल्यावर मात्र दुसऱ्याने हसायचं नाही आणि पुन्हा ती चूक काढायची नाही. पियुषला ते म्हणणं जड जायचं. खड्ड्यात पडला की तो हमखास रडवेला होऊन सांगायचा, “बटन अटकलं!” नंदिनी रिमोट हातात घ्यायची, बटण दोनदा दाबून पाहायची आणि म्हणायची, “चांगलं चालून राहिलं. म्हण.” म्हटल्याशिवाय पुढचा डाव सुरू व्हायचा नाही. कधीकधी अर्धा अर्धा तास दोघं तसेच बसून राहायचे.

आता दोघंही मोठे झाले, पण कायदा तोच होता. जुन्या भागाची उजळणी करताना नंदिनी पुलावर मेली. “माझ्यामुळे गेला,” ती म्हणाली आणि रिमोट त्याच्याकडे सरकवला.

“शुक्रवारी सकाळी कुरियर येईन,” पियुष म्हणाला. “तू आली का मगच खोलीन. तोपर्यंत हात नाई लावत.”

“कोण असन गा त्या दाराआड?”

“मले वाटते तिचीच आई.”

“मले वाटते कोणीच नाई. तिच्याच थापेचा आवाज परत येत असन.” ती हसली, मग डोळे मिटून म्हणाली, “काही असो, पाहाले भेटलं पायजे.”

हे ती सहज म्हणाली. पण पियुषने रिमोट बाजूला ठेवला आणि तिच्या सुजलेल्या पायांखाली चादरीची घडी सरकवली.

बुधवारी डॉक्टरांनी सुगतला आणि त्याला बाजूला बोलावलं. डाव्या हाताची नस थकत चालली होती, आणि हृदयावर ताण दिसू लागला होता. “यादीत त्यांचा नंबर बराच वर आला आहे,” डॉक्टर म्हणाले, “आता मिळाली तर सोडू नका. सहा महिन्यांनी त्यांचं शरीर ऑपरेशन झेपेल की नाही, मी सांगू शकत नाही.” सुगत मान हलवत राहिला. तो मुळातच कमी बोलणारा. खाली आल्यावर एवढंच म्हणाला, “प्लांटच्या आत मोबाईल नेऊ देत नाई, गेटवर जमा करा लागते. तुमचाच भरवसा हाये, पियुष.”

“बिनघोर राहा, भाऊजी,” पियुष म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

त्याच संध्याकाळी फोनवर एक मेसेज उमटला. अनोळखी नंबर होता, पण भाषा गौरांगची: ‘सीताबर्डीतून दोन दिवस आधीच गेम उचलला बे. रात्रभर जागतो. दाराआड कोण हाये सांगू का?’ पियुषने तो नंबर तिथल्या तिथे बंद केला. खरं सांगायचं तर त्यात थोडी मजाही होती. इतक्या वर्षांत सगळं आयुष्य दवाखान्याच्या वासाचं होऊन गेलं होतं. कोणीतरी आपल्याला गेमचा शेवट सांगायला टपलं आहे, एवढ्या साध्या संकटाचंही त्याला अप्रूप वाटलं.

गुरुवार उजाडला. दुकानात लग्नसराईचा माल आलेला, पियुष दुपारपासून पैठणी काठाच्या साड्या पुतळ्याला नेसवून फोटो काढत होता. अडीचच्या सुमाराला वेळ बघायला त्याने फोन खिशातून काढला. पडद्यावर मिस्ड कॉल होते. एकाच नंबरावरून सहा, दोन वाजता पहिला आणि आत्ता दोनच मिनिटांपूर्वी शेवटचा. नंबर ओळखीचा नव्हता, नागपूरचाच होता, साधा लँडलाइन.

त्याच्या मनात दवाखाना आला का? आला. नाही असं नाही. एक क्षणभर, डोळ्यापुढून माशी जावी तसा आला. मग त्याने विचार केला: मॅडमचा फोन असता तर मोबाईलवरून आला असता, चांदण्यांसकट वाजला असता. लँडलाइनवरून सहा-सहा वेळा चिकाटीने फोन करणारा नागपुरात एकच माणूस. रात्रभर जागून गेम संपवला असणार, आणि आता कोणाच्या तरी ऑफिसातून लावतोय. पियुष चक्क हसला. “गौरांग्या, या वेळी नाई,” तो पुटपुटला. फोन खिशात ठेवला आणि पुतळ्याच्या खांद्यावरचा पदर नीट केला.

सव्वासहाला भाऊजींचं नाव वाजलं.

“तुमाले फोन आला होता का दवाखान्यातून?” सुगतचा आवाज कधी नव्हे तो चढलेला. “मी आत्ता गेटवरून मोबाईल घेतला, तर चार मिस्ड कॉल. वापस लावला. मॅडम सुट्टीवर हायेत, त्यायच्या जागेवरच्या बाई बोलल्या. किडनी आली होती, पियुष. नंदाच्या गटाची. पहिला नंबर आपला होता. तीनपर्यंत वाट पाहून वर्ध्याच्या माणसाले देली.”

पियुषच्या हातातली साडी खाली घसरली. ती उचलायचं त्याला सुचलं नाही.

“तुमाले फोन आला होता का?” सुगतने पुन्हा विचारलं.

“नाई,” पियुष म्हणाला. “म्हणजे... गोदामात होतो, भाऊजी. खाली नेटवर्क नसते.”

“नशीब आपलं,” सुगत म्हणाला आणि फोन ठेवला.

लाज कशाला म्हणतात हे पियुषला त्या संध्याकाळी कळलं. ती रडू आणत नाही. तो घरी गेला, जेवला, आईला म्हणाला दुकानात काम फार होतं. फोन उशाशी घेतला तर त्याच्या पडद्याकडे बघवेना. ते सहा मिस्ड कॉल अजून तिथेच होते. त्याने ते पुसून टाकायला बोट नेलं आणि नेलेलं बोट मागे घेतलं.

शुक्रवारी सकाळी दहाला कुरियरवाला आला. आईने सही करून पुडकं घेतलं, टीव्हीखाली नेऊन ठेवलं. पियुषने ते फोडलं नाही. सहा वर्षांची वाट त्या चपट्या डब्यात येऊन पडली होती आणि त्याला तिच्याकडे पाठ करून बसावंसं वाटत होतं.

दुपारी दोनला नंदिनी आली. रिक्षातून उतरताना त्याने तिला हात दिला. हात नेहमीपेक्षा थंड होता. आत आल्यावर ती गादीवर बसली, बर्फाचा एक खडा तोंडात ठेवला आणि म्हणाली, “मले सांगतलं सकाळी त्या बाईनं. मी मशीनवर होती तेव्हाच आली. म्हणे, ‘ताई, आम्ही तुमच्या घरी दहा वेळा फोन लावला.’”

बायजाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला सुगतने रात्रीच सांगितलं होतं. तिने पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली.

“यायनं सांगतलं मले, तू गोदामात होता म्हणून,” नंदिनी म्हणाली. “जाऊ दे. आता काय टॉवरशी भांडाचं हाये का? वर्ध्याच्या माणसाले दोन लहान पोरं हायेत म्हणे. त्याचं तरी भलं झालं.” तिने पुडक्याकडे पाहिलं. “फोडलं नाई अजून? आण. आज दुसरं काही नको मले. लाव ते.”

तिने त्याच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. तो नुसता तिथून चालत गेला असता तरी कोणी काही म्हटलं नसतं. सुगतचा विश्वास बसला होता, दवाखान्याचा बसला होता, ताईचाही बसला होता, निदान ती तसं दाखवत तरी होती. पियुषने पुडकं फोडलं, तबकडी आत सारली. पडद्यावर अंधार, मग हळूहळू तीच पोरगी, तीच मशाल, तेच बंद दार. खाली अक्षरं लुकलुकत होती, कोणतंही बटण दाबा म्हणून. नंदिनीने उशी मांडीवर घेतली आणि हात पुढे केला.

रिमोट त्याच्या हातातच राहिला.

“ताई,” तो म्हणाला, “बटन नव्हतं अटकलं.”

तिने त्याच्याकडे पाहिलं.

“टॉवर होता. मी वर दुकानात होतो, गोदामात नाई. फोन माह्या खिशात होता. कोणी गेमचा शेवट सांगू नये म्हणून मी अनोळखी नंबरची घंटी बंद केली होती. सहा कॉल दिसले मले. मले वाटलं गौरांग.” तो थांबला नाही. “माझ्यामुळे गेला, ताई. माझ्यामुळे गेला.”

“किती वाजता पाहिले तू?”

“अडीचले.”

“तीनपर्यंत होते ते थांबून.”

“हो.”

“पाहिलं, आन् ठेवून देला.”

“हो. हसलो मी. हसून ठेवून देला.”

हे शेवटचं त्याने सांगायला नको होतं, असं कोणालाही वाटेल. पण सांगितलं नसतं तर ते कबूल करणं अर्धवट राहिलं असतं.

नंदिनी गप्प बसली. बर्फाचा खडा तोंडातच विरघळला असावा. टीव्हीवरची पोरगी मशाल धरून उभी होती, ज्योत हलत होती, दारापलीकडून काही आवाज येत नव्हता. लहानपणी पियुषला तिच्या या गप्प बसण्याचीच भीती वाटायची. माराची नाही.

“कायदा माहाच हाये,” ती शेवटी म्हणाली. “म्हटल्यावर चूक काढाची नाई. म्हणून काही बोलत नाई मी. पण मले राग आलाय, पियुष. लय राग आलाय. अडीच वर्षं मी त्या मशीनवर पडून वर छताकडं पाहत राहिली, का एक दिवस फोन येईन. आला, तर तुह्या खिशात आला. काहून गा माह्या हातात नव्हता तो? कोणी विचारलं होतं मले?”

तिने मांडीवरची उशी बाजूला सारली.

“यायले फोन लाव. मले घरी जायचं हाये.”

“ताई, गेम...”

“बंद कर तो.”

सुगत येईपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जाताना चपला घालताघालता म्हणाली, “उद्या अकराले धंतोलीले ये. फॉर्म बदलाचा हाये.” त्याच्याकडे न बघता म्हणाली, पण ‘ये’ म्हणाली. रात्रभर पियुष त्या एका शब्दाला धरून होता.

शनिवारी तिने कोऑर्डिनेटरच्या टेबलाशी बसून फॉर्म स्वतः लिहिला. मास्तरणीचं वळणदार अक्षर. पहिला नंबर तिचा. दुसरा सुगतच्या शिफ्टमधल्या फोरमनच्या टेबलाचा. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं. पियुष मागे उभा होता. तिने त्याचा नंबर लिहिला. पाठ होता, विचारावा लागला नाही.

बाहेर, दवाखान्याच्या फाटकाशी, त्याच्या फोनची घंटी कर्कश वाजली. त्याने शुक्रवारी रात्रीच सगळे अडसर काढून आवाज शेवटपर्यंत चढवला होता. अनोळखी नंबर होता. पहिल्याच घंटीला त्याने उचलला. “हॅलो, मी पियुष गजभिये, बोला.”

“सापडला!” पलीकडून गौरांग खिदळला. “तीन दिवसांपासून लपून राहिला ना बे? ऐक. दाराआड...” आणि त्याने सांगितलं. दाराआड कोण, ती दार उघडते तेव्हा काय होतं, मशालीचं काय होतं, सगळं.

पियुषला फोन कापता आला असता. पण कालपासून त्याचं बोट त्या लाल बटणाकडे जायलाच धजत नव्हतं. न जाणो, मधेच दुसरं कोणी बोलायला लागेल. तो शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला.

“काय झालं बे? शिव्या नाई देल्या,” गौरांग गोंधळून म्हणाला.

“बरं केलं सांगतलं,” पियुष म्हणाला. मग त्याला ते सहा कॉल आठवले. “गुरुवारी दुपारी तू फोन लावला होता का मले? लँडलाइनवरून?”

“गुरुवारी? झोपलो होतो ना दिवसभर. काहून?”

“काही नाई. असाच.”

सोमवारी नंदिनी येईल की नाही, याची खात्री नव्हती. दोन वाजले, अडीच वाजले. बायजाबाईने तिच्यापुरती बिनमिठाची भाजी बाजूला काढून ठेवली होती, ती दोनदा झाकण उघडून पाहून आली. पावणेतीनला रिक्षा थांबली.

ती आत आली, गादीवर बसली, आपला फोन काढून उशीशेजारी उताणा ठेवला. आवाज पूर्ण चढवलेला होता. पियुषने त्याच्याशेजारी आपला ठेवला. तिने एकदा दोन्ही फोनांकडे पाहिलं आणि हात पुढे केला. “दे.”

त्याने रिमोट दिला. ती खेळू लागली. पहिल्याच गल्लीत मशाल विझली. पियुषचा हात सवयीने पुढे झाला. नंदिनीने रिमोट सोडला नाही.

“माझ्यामुळे गेला,” ती म्हणाली. “पण देत नाई आज. बस तसाच.”

तो बसला. ती पुन्हा मेली, पुन्हा उठली. डाव्या हाताखालची उशी त्याने दोनदा सारखी केली. ती त्याच्याशी फारसं बोलली नाही, राग अजून गेलेला नव्हता, आणि तो जावा अशी घाई करण्याचा हक्क त्याला नव्हता. साडेचारला ती पोरगी पुन्हा त्या दाराशी येऊन उभी राहिली. तिने तीनदा थाप मारली. आतून तीनदा थाप आली.

नंदिनी थांबली. तिचा अंगठा बटणावर होता.

“कोण असन गा आत?” तिने विचारलं. शुक्रवारनंतर पहिल्यांदा तिने त्याला आपणहून काही विचारलं होतं.

पियुषला माहीत होतं. इंच न् इंच माहीत होतं. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सुजलेल्या पापण्यांखाली तेरा वर्षांच्या पोरीचे डोळे होते.

“माहीत नाई, ताई,” तो म्हणाला. “तू उघड.”